प्रत्येक फोटोत माया

...तर अक्काच्या हातात कात्री आणि ओठांत टाचण्या असल्या की ती बोलत नाही, आणि ती बोलत नाही तेव्हाच खरी भीती, इथपर्यंत काल आलो होतो. बोलणारी अक्का परवडते. ओरडणारी तर फारच परवडते, कारण ओरडून झालं की ती चहा टाकते. पण कात्री चालू आणि तोंड बंद असं दिसलं, की आमच्या घरातली जाणती माणसं हळूच आपापल्या चपला शोधायला लागतात.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. मी शेंडेफळ. मधली दोघं देवाघरी गेली, त्यामुळे तिचा राग झेलायला आता मी एकटाच उरलोय. झेलतो, आणि खोटं कशाला बोलू, मला त्यात मजाही येते. मला ती बडबड्या म्हणते. पन्नाशीनंतर तरी म्हणू नकोस म्हणालो, तर म्हणाली, "पन्नाशीनंतर तरी गप्प बस."

तिचा धंदा शाळेचे गणवेश शिवायचा. पुढची खोली, रस्त्याकडची खिडकी, खिडकीखाली पायाचं मशीन, आणि दोरीवर बिनबाह्यांचे शर्ट एका रांगेत, जणू प्रार्थनेला उभे केलेत. दाजी गेले तेव्हा पोरगा शाळेत होता. तेव्हापासून त्या मशीनवर तिनं घर चालवलं. बाकीचे शिंपी कापड वाचवायला अगदी रेघेवर कापतात. अक्का नाही. ती शिवणीच्या आत सढळ माया ठेवायची. ज्यांनी कधी सुई हातात धरली नाही त्यांच्यासाठी सांगतो: शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड, त्याला माया म्हणतात. पोर वाढलं की शिवण उसवायची, आतली माया बाहेर काढायची, कपडा पुन्हा अंगाला होतो. "पोर वाढतं, कापड वाढत नाही," हे तिचं वाक्य. आयांना ते तोंडपाठ होतं. अक्काकडचा शर्ट मोठ्याचा धाकट्याला, धाकट्याचा शेजाऱ्याला असा जायचा, आणि शेवटी फरशी पुसायला लागला तरी शिवण जागची हलायची नाही.

आता राग कशाचा ते सांगतो. तो तुम्हाला कळलाच पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं म्हातारीचं खूळ वाटेल.

तिचा एकुलता एक लेक लिफ्ट दुरुस्तीच्या कामात आहे. गुणी पोरगा, पण रागाच्या बाबतीत खाण तशी माती. दोन-अडीच वर्षांपूर्वी अक्काच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दवाखान्यातून तिला घरी आणायला मी गेलो होतो. एका डोळ्याला पट्टी, हात माझ्या खांद्यावर, आणि वाटभर मला सुनावणं चालू, की रिक्षा हळू का चालवत नाहीस. अगं, रिक्षा मी चालवतोय का? पण तिला कोण सांगणार!

दारात आलो. खिडकीखाली मशीन नव्हतं. तिथं एक गुबगुबीत आरामखुर्ची होती, पाय पसरायची सोय असलेली. शेजारी लेक उभा, हसत. बाजूला सून, तीही हसत, पण जरा जपून.

"आई, बस. आता आराम करायचा. डोळ्यांनी पुष्कळ काम केलं."

"मशीन कुठाय?"

"दिलं."

"कुणाला दिलं?"

"भंगारवाल्याला. आई, गंजलेलं होतं ते. कोण घेणार दुसरं?"

अक्का एक शब्द बोलली नाही. मी ओळखलं, आणि माझी चप्पल कुठं आहे ते बघून ठेवलं. कात्री खुंटीला होती, तेवढी विकायची राहिली होती. ती तिनं काढली. मग भिंतीवरचे फोटो काढले, कपाटातला फोटोंचा डबा काढला, जमिनीवर बसली आणि एका डोळ्यानं, पट्टी बांधलेली असताना, प्रत्येक फोटोतून लेकाला कापून काढलं. शाळेच्या बक्षिसाच्या फोटोतून काढलं. दाजींच्या सायकलच्या दांडीवरून काढलं. त्याच्या स्वतःच्या लग्नातून काढलं, तिथं सून एकटीच एका भोकाकडं बघून लाजत उभी राहिली. आम्ही तिघं बघत होतो. कात्रीचा आवाज सोडून घरात आवाज नव्हता. सगळे तुकडे तिनं गोळा केले, कचऱ्याच्या डब्यात टाकले, आणि मग तोंड उघडलं.

"तू मला न विचारता माझं मशीन घरातून काढलंस. मी तुला न विचारता तुला काढलं. फिट्टंफाट. आता जा."

तो गेला. पायात चप्पल घालताना त्याचाही चेहरा तापलेल्या तव्यासारखा. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. सून अधूनमधून यायची, भाजी ठेवून जायची, त्याचं नाव काढायची नाही. अक्कानं पंधरवड्याच्या आत दुसरं एक जुनं मशीन विकत आणलं, पण त्याचा आवाज तिला परका वाटतो. आरामखुर्चीवर ती आजतागायत टेकलेली नाही. तिच्यावर इस्त्रीचे कपडे बसतात, ऐसपैस, पाय पसरून.

मी एकदा मध्यस्थी करायला गेलो. "अगं, त्यानं तुझ्या भल्यासाठीच केलं."

"भल्यासाठी केलं ना? मग विचारायला काय जीभ झडली होती? माझं भलं मला सोडून सगळ्यांना कळतं! तुझं भलं आत्ता दाराबाहेर आहे, बडबड्या. ऊठ."

मी उठलो. पण बघा, बोलण्यात तिचं काही चुकलं का? मला तर सापडलं नाही.

आता फोटोंच्या फ्रेमकडं येतो. ऑपरेशन झालं तरी अक्काला बारीक दिसेनाच. कपडे स्पर्शानं जमतात, फोटो नाही जमत. दाजींचा चेहरा भिंगातून बघायची, तर नाक दिसलं की डोळे जायचे. शेजारची नर्सबाई, तिच्या मुलीनं तिला ती विजेवर चालणारी फ्रेम दिली होती, ज्यात फोटो आपोआप बदलत राहतात. अक्का ती बघून आली आणि मला फोन केला. "मला तसली पाहिजे. स्वस्तातली. कुणाकडून भेट म्हणून नको, माझी मी घेणार. आणि तू चल, दुकानदार मला म्हातारी समजून काहीही गळ्यात मारेल."

"आणि मी बरोबर असलो की?"

"मग तो तुझ्याशी बोलत बसेल, मी नीट बघून घेईन."

दुकानात तेच झालं. विक्रेता टाय लावलेला, हसरा, पाठ केलेलं बोलणारा. त्यानं सगळ्यात आधी सगळ्यात महागाची फ्रेम काढली. पडद्यावर एक अनोळखी कुटुंब समुद्रकाठी दात काढून हसत होतं.

"हे कोण?" अक्कानं विचारलं.

"हे नमुन्याचे फोटो, आजी."

"यांना आधी बाहेर काढ. ओळख ना पाळख, आणि माझ्याकडं बघून हसतायत."

त्यानं ते कुटुंब बाहेर काढलं आणि नव्या दमानं सुरू झाला. "आजी, या फ्रेमला वायफाय आहे. म्हणजे तुमच्या घरातलं कुणीही, जगात कुठूनही, फोनवरून फोटो पाठवू शकतं. तुम्ही काहीच करायचं नाही. फोटो आपोआप तुमच्या भिंतीवर!"

"मला न विचारता?"

"विचारायची गरजच नाही, आजी! हीच तर गंमत आहे!"

अरे देवा. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, त्यानं कुठल्या फोडावर बोट ठेवलं ते! अक्काचा आवाज असा चढला, की टीव्हीच्या विभागातली माणसं मान वळवून बघायला लागली. "गंमत? माझ्या घरात काय यावं आणि काय जावं ते मला न विचारता ठरवायचं, ही गंमत? तुझ्या आईच्या घरात घाल ही गंमत! जिच्यात कुणालाही काहीही पाठवता येत नाही अशी दाखव."

"तशी... तशी आहे, पण साधी आहे. त्यात कार्ड घालावं लागतं. मागं कपाटात टाकलीय, हल्ली कुणी घेत नाही."

"तीच काढ."

त्यानं दोन काढल्या. तिथून पुढं अक्कानं एकटीनं सूत्रं हातात घेतली. एक फ्रेम लांबट, सिनेमाच्या पडद्यासारखी. तिच्यात उभा फोटो लावला की माणसाचं डोकं वरून उडत होतं.

"हे डोकं कुणी कापलं?"

"मशीन आपोआप बसवतं, आजी. पडदा भरावा म्हणून."

"आपोआप! इथं सगळं आपोआपच चाललंय. माझ्या घरात कापायचं काम माझं. ही नको."

दुसरी जरा चौकोनी, जुन्या फोटोंच्या मापाची, त्यामुळे सगळ्यांची डोकी धडावर राहिली. ती तिनं टेबलावर ठेवली, समोरून बघितली, मग डावीकडं गेली, उजवीकडं गेली. पलीकडच्या लांबट फ्रेमकडं बाजूनं बघितलं की तोंडं काळी पडत होती, हिच्यात तशी पडत नव्हती. "मी मशीनवर बसले की मला तिरपंच दिसणार," ती म्हणाली. "आणि गाणं वाजायचं बंद कर. फोटोंना कशाला गाणं!" गाणं बंद झालं. चौकोनी फ्रेम, दुकानातली सगळ्यात स्वस्त, खोक्यात गेली. विक्रेत्यानं कपाळ पुसलं आणि मला हळूच विचारलं, "काका, घरी पण अशाच असतात का?"

"नाही रे," मी म्हणालो, "आज तुझ्यासमोर जरा संकोचल्यात."

आता कार्डात फोटो घालायचे होते. चौकातल्या स्टुडिओवाल्याकडं गेलो. हा मूळचा स्टुडिओवाला नव्हे, नव्यानं दुकान घेतलेला, भारी नम्र आणि संगणकात फार तरबेज. पडकी घरं, फाटके फोटो, टक्कल, सगळं भरून देतो अशी पाटीच बाहेर. अक्कानं डबा काउंटरवर उपडा केला. फोटो पसरले, दाजींचा एकट्याचा सोडला तर प्रत्येकाला भोक. त्यानं एकेक उचलून उजेडात धरला, भोकातून त्याला अक्काच दिसत असणार.

"आजी, सगळ्यातून कुणीतरी एकच माणूस गेलेलं दिसतंय."

"गेलं तर गेलं. तुला काय करायचंय? तू फोटो मोठे करून कार्डात घाल. आणि एक नीट ऐक, माया पाहिजे. अगदी कडेवर कापून टाकशील, ते चालणार नाही. प्रत्येक फोटोत माया पाहिजे."

त्यानं मान खाली घातली. आवाज एकदम मऊ केला. "प्रत्येक फोटोत माया. बरोबर आहे, आजी. कशी पाहिजे?"

"चांगली सढळ पाहिजे. कंजूषपणा नको."

"सढळ," त्यानं घोकलं. "डावीकडं की उजवीकडं?"

"हा काय प्रश्न झाला? जिथं जागा असेल तिथं! आणि माया कापलीस तर मी तुला कापीन."

"नाही आजी, माया परत येईल. तुम्ही निश्चिंत राहा." एवढं बोलून त्यानं तिच्या हातावर हात ठेवला. बाहेर आल्यावर अक्का म्हणाली, "माणूस कामाचा वाटतो, पण जरा हळवा आहे." मी शेजारी उभा होतो, सगळं ऐकत होतो, आणि मलाही काडीचा संशय आला नाही. आमच्या घरात लहानपणापासून माया म्हणजे कापड. दुसरं काही असू शकतं हे आमच्या डोक्यातच येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी कार्ड आलं. फ्रेम खिडकीशेजारच्या फळीवर ठेवली, बटण दाबलं. पहिला फोटो दाजींचा, एकट्याचा, भलामोठा. अक्कानं भिंगाशिवाय बघितला. कितीतरी वेळ बघितला. "हनुवटीवरचा तीळ विसरलेच होते," म्हणाली. मला वाटलं, चला, आज चहा लवकर मिळणार.

फोटो बदलला. दाजींची सायकल, आणि दांडीवर एक बाई.

चांगली सढळ बाई. गोल चेहरा, गालाला खळ्या, निळे कपडे, आणि असं प्रसन्न हसू, की सायकलला तिचं ओझं होत असेल असं वाटूच नये.

"ही कोण बया?" अक्का म्हणाली.

"दुकानातल्या नमुन्यांतली असेल, राहून गेली असेल."

फोटो बदलला. बक्षीस समारंभ. हेडमास्तर ढाल देतायत, आणि घेणारी तीच, निळी, सढळ, हसरी. फोटो बदलला. लग्न. सून लाजून बघतेय आणि तिच्या शेजारी, गळ्यात हार घालून, तीच! सुनेचं लग्न लावलं होतं पठ्ठ्यानं तिच्याशी! मला जे हसू फुटलं ते आवरेना. मी खुर्चीवरचे इस्त्रीचे कपडे कवटाळून हसलो. अक्का हसली नाही. ती फ्रेमच्या अगदी जवळ गेली होती. आणि बोलत नव्हती.

फोटो बदलला होता. त्यात अक्का मशीनवर बसलेली, आणि मागं उभं राहून त्या बाईनं तिच्या खांद्यावर हात ठेवलेला. चेहरा बाईचा, अंग बाईचं. पण हात बाईचा नव्हता. पोरगा लहान असताना मशीनची सुई त्याच्या बोटातून आरपार गेली होती. तेव्हापासून त्या बोटाचं नख मधोमध फाटलेलं वाढतं. त्या दिवशी एका डोळ्यानं कापताना अक्का खांद्यापाशी थांबली होती. हात कापायचा तर स्वतःचा खांदा कापला गेला असता. चार बोटं तिच्या खांद्यावर तशीच राहिली होती, आणि बारक्या फोटोत ती इतके दिवस कुणाला दिसलीच नव्हती. आता फ्रेममध्ये ते फाटकं नख बटणाएवढं दिसत होतं.

अक्कानं फ्रेमची वायर उपटली. खसकन. फ्रेम काखेत मारली आणि चालायला लागली. मी चपला घालतोय तोवर ती चौकात. रस्ता तिनं कसा ओलांडला ते गाड्यांनाच विचारा, त्याच थांबल्या.

स्टुडिओत एक नवरा-नवरी पासपोर्टच्या फोटोला बसली होती. अक्कानं फ्रेम काउंटरवर आपटली. "यातली बाई कोण?"

स्टुडिओवाला आनंदानं उठला. "आली ना छान? आजी, चेहरा मला कल्पनेनं करावा लागला. पण तुम्ही सांगितल्याप्रमाणे सढळ केली."

"कोण? सढळ कोण?"

"माया! तुमची मुलगी ना?"

मी खाली बसलो, कारण हसताना मला उभं राहता येत नाही. त्या नवऱ्या-नवरीला वाटलं मला झटका आला, नवरीनं पाणी दिलं. अक्का मात्र फ्रेमवर बोट आपटत होती. एवढी चिडलेली मी तिला भंगारवाल्याच्या दिवशीही बघितली नव्हती.

"अरे शहाण्या, माया म्हणजे कड! कडेचा कागद! माझ्या घरात कुणी माया नाही! आणि माझ्या खांद्यावरचा तो हात, तो आठव. तो माझ्या पोराचा हात आहे. त्याच्या हाताला तू ही परकी बया चिकटवलीस? कुणाला विचारून?"

"आजी, तिथं कुणीच नव्हतं..."

"कुणीच नव्हतं कसं? माझा लेक होता! लग्नात तोच होता, सायकलवर तोच होता! ती ढाल त्यानं मिळवलीय, धावून, अनवाणी! ही खळीवाली धावेल का?"

"नाही धावणार," तो कबूल झाला. तो पार रडकुंडीला आला होता. "आजी, मी मायाला काढतो. आत्ता काढतो. पण मग पुन्हा भोकच राहील. तुमचा मुलगा मी कुठून आणू? मी तर त्यांना बघितलेलंही नाही. कापलेले तुकडे आहेत का?"

"टाकले."

"मग ज्यांच्याकडं हे फोटो अख्खे असतील, त्यांच्याकडून आणा."

अख्खे फोटो असणारं घर जगात एकच होतं. तिलाही ठाऊक, मलाही ठाऊक. लग्नाचा अल्बम, शाळेचे फोटो, सगळ्याच्या दुसऱ्या प्रती लेकाच्या घरी होत्या. मी पाण्याचा पेला हातात धरून गप्प बसलो. हो, मी. बसतो कधीकधी.

अक्का फ्रेमकडं बघत उभी राहिली. फ्रेम बंद होती, काळ्या काचेत तिचंच तोंड दिसत असणार. मग तिनं पिशवीतून फोन काढला आणि माझ्यापुढं धरला. "लावून दे. नंबर दिसत नाही मला."

मी लावून दिला. ती फोन नेहमी स्पीकरवरच ठेवते, कानाला लावला की बोलणाऱ्याचं तोंड दिसत नाही म्हणते. कुणाला दिसतं म्हणा! एकच रिंग झाली असेल, लगेच उचलला.

"आई?" मागं कुठल्यातरी लिफ्टची घरघर. "आई, बरी आहेस ना? काय झालं?"

"मला काय होतंय! तुझ्याकडं आपले फोटो आहेत का? अख्खे?"

"आहेत. सगळे आहेत. पाठवू? फ्रेम घेतलीस असं ही म्हणत होती, वायफाय असेल तर इथूनच लगेच..."

"वायफाय नाही. असं कुठूनही कुणी घुसायचं नाही माझ्या घरात. फोटो हातात घेऊन यायचं."

तिकडं घरघर थांबली. त्यानं लिफ्ट बंद केली असावी. इकडं स्टुडिओवाला, नवरा, नवरी आणि मी, चौघांनी श्वास धरलेला.

"आई, मशीनचं... मी विचारायला हवं होतं."

"हवं होतं! अडीच वर्षं लागली एवढं म्हणायला! मेल्या, माझा हात होता तो, हात! भंगारात घातलास! आणि ती खुर्ची, तिच्यावर बसून मी काय माशा मोजायच्या होत्या?"

"चुकलं."

"चुकलंच!"

नवरीनं नवऱ्याचा हात घट्ट धरला होता. मग फोनवरून लेकानं विचारलं, अगदी हळू, शाळेतून मार खाऊन आलेल्या पोरानं विचारावं तसं, "आई, मग तुझा राग गेला का?"

अक्कानं फोन तोंडाजवळ नेला आणि सगळा चौक ऐकेल अशा आवाजात म्हणाली, "राग कुठं जातोय? तो बसलाय इथंच. तू ये."